तव्यातला वाटा

सिनेमा संपला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पडद्यावर नावं सरकत होती आणि आमच्या हॉलमध्ये तावातावानं वाद सुरू झाला होता. चूक कुणाची, थोरल्याची की धाकट्याची? दादाचा आवाज चढला होता, माझा मुलगा त्याला मध्येच तोडत होता, बँकेतून निवृत्त झालेले शेजारचे काका पुढे सरकून कर्जाचं गणित मांडत होते. अप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, त्यातली एकतीस वर्षं खानावळीत गेलेली. दोन तास त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. आता ते काठी चाचपत उठले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, “सगळं वाढलं नाही बघ त्यानं. तव्यात ठेवलंय की.” आणि झोपायला गेले. कुणी त्यावर काही बोललं नाही. मीही नाही, कारण मी दादाला उत्तर द्यायच्या नादात होते. ते वाक्य मला खऱ्या अर्थानं ऐकू आलं दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा गाळताना.

सिनेमा मुलानं आणला होता. पुण्याहून शनिवार-रविवार आला की आजोबांसाठी काहीतरी शोधून आणायची त्याला सवय आहे. या वेळी म्हणाला, “अप्पांच्या धंद्याचाच पिक्चर आहे, बघाच.” नाव ‘बिग नाइट’, १९९६ सालचा. इटलीहून अमेरिकेत आलेले दोन भाऊ, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर त्यांचं लहानसं हॉटेल, काळ पन्नाशीच्या दशकातला. थोरला प्रिमो चुलीपाशी, धाकटा सेकोंदो गिऱ्हाइकांपाशी. जवळच पास्काल नावाच्या माणसाचं हॉटेल माणसांनी ओसंडून वाहतंय आणि यांच्याकडे पांढरीशुभ्र टेबलं अंथरून ठेवलेली, रिकामी. धाकट्याचं काम करणाऱ्या स्टॅनली टुचीनंच तो कॅम्पबेल स्कॉटबरोबर दिग्दर्शित केलाय आणि आजोळच्या नात्यातल्या एका भावाबरोबर लिहिलाय. पडद्याखालची इंग्रजी अक्षरं वाचून मुलगा अप्पांना आपल्या सोलापुरी मराठीत सांगत होता. त्यामुळे प्रिमो आणि सेकोंदो आमच्या घरात ‘का बे’, ‘बस की बे’ असंच एकमेकांशी बोलत होते, आणि दहा मिनिटांत ते आम्हाला परके वाटेनासे झाले.

सुरुवातीलाच एक बाई जेवायला येते. रिसोत्तो मागवते. हलवत राहून शिजवायचा भात तो, वेळ लागणारच. समोर आल्यावर त्यात मासळी दिसत नाही म्हणून कुरकुर करते आणि वर म्हणते, सोबत स्पॅगेटी आणा. आत थोरला भडकतो, भाताबरोबर शेवया कोण खातं? इथंच आमच्या हॉलचे दोन भाग पडले. दादा म्हणाला, “देऊन टाक की. पैसे ती देणार, खाणार ती.” मी म्हणाले, “मग आचाऱ्याला काही किंमतच नाही का?” वहिनी म्हणाली, भाताबरोबर पोळी आपण खातोच की, त्यात एवढं काय? वहिनीचं बरोबर होतं, आणि तरीही मी मनानं त्या आचाऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले होते. पुढे धाकटा म्हणतो, रिसोत्तो परवडत नाही, काढून टाकू. तिथं दादानं मांडीवर थाप मारली.

मग तो गायक. पास्काल म्हणतो, लुई प्रिमा माझ्या ओळखीचा आहे, त्याला तुमच्याकडे जेवायला पाठवतो, नाव होईल. त्याच्यासाठी भाऊ उरलेसुरले सगळे पैसे एका रात्रीच्या जेवणावर लावतात. पाहुणे येतात, नाचतात, वाट बघतात. लुई प्रिमा येत नाही. पास्कालनं त्याला बोलावलेलंच नसतं. हे कळलं तेव्हा आमच्याकडे कुणी हलेना. बँकेतले काका तेवढे म्हणाले, “मी तिथल्या बँकेत असतो तरी यांना कर्ज दिलं नसतं. तारण काय, येणं किती, रोज टेबलं किती भरतात, विचारावंच लागतं.” थोडं थांबून म्हणाले, “आपल्या पूर्व भागातल्या किती मागवाल्यांना मी नाही म्हटलंय. चार माग होते, पाचवा घ्यायचा होता. कागद बरोबर नव्हते. माणसं बरोबर होती.” त्यांच्या शेजारी राहून मला वीस वर्षं झाली. हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

वहिनीला मात्र गायकाचं काही पडलं नव्हतं. पंगतीमागून पंगत उठताना बघून ती पुटपुटली, “एवढी ताटं, एवढी पातेली. सकाळी घासणार कोण?” पंधरा वर्षं ती दादाच्या हॉटेलाचं स्वयंपाकघर बघते. त्या पडद्यावरच्या झगमगाटात तिला मोरी दिसत होती.

त्या रात्रीचा मोठा पदार्थ म्हणजे तिंपानो. पिठाच्या जाड आवरणात पास्ता, अंडी, मटणाचे गोळे आणि रस्सा भरून भाजलेला, ढोलासारखा. टुचीच्या आजोळी नाताळात हा करतात, म्हणजे पडद्यावर आला तो घरचाच पदार्थ. भांडं उलटं करून तो बाहेर काढला की दोघे भाऊ त्याला हात लावून बघतात, बोटानं वाजवतात, कान देतात. मी तेव्हा अप्पांकडे पाहिलं. त्यांच्या उजव्या हाताचं नख खुर्चीच्या दांड्यावर दोनदा वाजलं. कडक भाकरी झाली का, हे ते असंच बघायचे. उतरंडीतून एक उचलायची, कानाजवळ धरायची, नखानं टिचकी मारायची. आत ओल राहिली असेल तर आवाज दबका येतो. पूर्ण वाळलेली भाकरी खापरीसारखी वाजते, आणि ती मग पंधरा दिवस काय, महिनाभर टिकते. दबक्या आवाजाची भाकरी ते गिऱ्हाइकाला देत नसत. ती आम्ही घरी ताकात कुस्करून खायचो. माझं निम्मं बालपण दबक्या आवाजाच्या भाकऱ्यांवर गेलंय.

खानावळ बाळीवेशीच्या बाजूला एका बोळात होती. आजोबांनी काढलेली, अप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे दादाचे वडील, माझे काका, यांनी चालवलेली. अप्पा आत, काका गल्ल्यावर. शहाबादी फरशी, भिंतीला टेकलेली लाकडी बाकं, दारात पाण्याचा रांजण आणि सिद्धरामेश्वरांच्या फोटोला रोजचा हार. सकाळी साडेपाचला शेंगा भाजल्याचा वास सुटला की मला अंथरुणातच कळायचं, आज चटणी कुटायचीय. अव्वा, आमची आजी, उखळापाशी बसायची. दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. दाण्याला तेल सुटून चटणी बोटाला चिकटेपर्यंत तिचा हात थांबत नसे. काकांनी एकदा मिक्सर आणला. अप्पांनी त्यातली चटणी चिमटीत घेतली, ती भुरभुर खाली पडली. मिक्सर माळ्यावर गेला. बाकी रोजचं ठरलेलं होतं, एण्णेगाई म्हणजे भरलं वांगं, पुंडीपल्ले म्हणजे अंबाडीची भाजी, एक डाळ, ताक. गुरुवारी शेंगांची पातळ भाजी. कुणी विचारलंच, पंजाबी काही आहे का, तर अप्पा आतूनच ‘नाही’ म्हणायचे आणि भाकरी थापत राहायचे. ती ‘नाही’ मला फार आवडायची.

मेंबर बहुतेक गिरणीतले. जुनी गिरणी केव्हाच बंद पडलेली, पण लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी चालू होत्या तोवर आमच्या घरातलं घड्याळ भोंग्यावर लागायचं. अक्कलकोट, मंगळवेढा, विजापूरकडून आलेली एकटी माणसं, बायकामुलं गावाकडे. पाळी सुटली की हातपाय धुऊन बाकावर येऊन बसायची, केसांत कापसाचा भुगा. त्यांना काय वाढायचं हे कुणी विचारत नसे. चव त्यांच्या घरची होती, म्हणून ते येत होते. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली आणि वहीतली नावं महिन्याला दोन-तीन अशी गळायला लागली. काही जण पैसे बुडवून गेले, काहींनी वर्षानं आणून दिले. सिनेमात एक चित्रकार आहे. पैसे नाहीत म्हणून तो जेवणाच्या बदल्यात चित्रं देतो, आणि भाऊ ती घेतात. ते बघताना मला अप्पांच्या पलंगावरची चादर आठवली. मागावरच्या एका मेंबरनं तीन महिन्यांच्या बाकीपोटी दोन चादरी आणून दिल्या होत्या, मोरपंखी नक्षीच्या. एक अव्वाबरोबर गेली. दुसरी अजून आहे. धुऊन-धुऊन मोराचे डोळे पुसट झालेत, पण वीण कुठं सुटलेली नाही.

नावं कमी होत गेली तसा काकांचा जीव वरखाली व्हायला लागला. बाहेरच्या ओट्यावर पावभाजीचा तवा टाकू, निदान चायनीजची गाडी तरी लावू द्या, भाडं येईल. नव्या पेठेत संध्याकाळी पोरं कशी उभी असतात बघून या. अप्पा म्हणायचे, त्या वासात माझा मेंबर जेवणार कसा? १९९८ च्या दिवाळीनंतर एका रात्री हे बोलणं जिथवर जायला नको होतं तिथवर गेलं. मी आतल्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले होते, शब्द न् शब्द ऐकू येत होता. सिनेमात दोघे भाऊ रात्री समुद्रकाठच्या वाळूत एकमेकांना ढकलतात, पाडतात. आमच्याकडे कुणी कुणाला हात लावला नाही. काकांनी गल्ल्याची किल्ली पाटावर ठेवली. पितळी किल्ली, लाकडावर वाजली. सकाळी ते, काकू आणि दहावीतला दादा भाड्याच्या खोलीत राहायला गेले. खानावळ पुढे पाच वर्षं चालली, म्हणजे ओढली. २००३ ला बंद झाली.

मी तेव्हापासून अप्पांच्या बाजूची.

म्हणूनच परवा दादाशी इतक्या जोरात भांडत होते. दोघेही सिनेमाबद्दल बोलत होतो आणि दोघांनाही ठाऊक होतं की आपण सिनेमाबद्दल बोलत नाही. दादा म्हणत होता, पास्काल खोटारडा असेल, पण त्याचं एक खरं आहे, आधी लोकाला पाहिजे ते द्या, लोक आत आले की मग तुमचं द्या. मी म्हणत होते, मग ‘तुमचं’ कधी येतच नाही. दादानं थंडपणे विचारलं, “माझ्याकडे आलं का नाही?” आणि मला गप्प बसावं लागलं. आलंय. पुणे रस्त्यावर त्याचं हॉटेल आहे. सुरू केलं तेव्हा पनीर, तंदूर, चायनीज हेच होतं. सोलापुरी थाळी मेन्यूच्या शेवटच्या पानावर, तीही काकांनी हट्ट धरला म्हणून. आता ती पहिल्या पानावर आहे. मुंबई-पुण्याच्या गाड्या थांबतात, माणसं कडक भाकरी मोडतानाचा व्हिडिओ काढतात, जाताना चटणीची पाकिटं घेतात. भाकऱ्या शहरातल्या बायका घरी करून पुरवतात. ज्वारी मंगळवेढ्याची, मालदांडी. मी तिथं पहिल्यांदा जेवले तेव्हा चटणी जिभेवर ठेवली आणि डोळे भरून आले. कुटलेली होती. वहिनी कुटून घेते, दर वेळी. पण मग आजूबाजूला बघितलं. एसी, काचा, तांब्याचे चकचकीत पेले आणि भिंतीवर रंगवलेलं जातं. केसांत कापसाचा भुगा असलेला एकही माणूस नव्हता. ज्यांची ही चव होती त्यांना ती आता परवडणार नाही. आनंद झाला आणि आत कुठंतरी दुखलंही. कोणतं खरं, मला आजही सांगता येत नाही.

एक मात्र त्या रात्रीनंतर मला पटलंय. भावांमध्ये चूक कुणाची हा प्रश्नच आम्ही उगाच धरून बसलो होतो, पडद्यावरच्याही आणि घरातल्याही. चायनीजची गाडी लावली असती तरी गिरणीचा भोंगा परत वाजणार नव्हता, आणि नाही लावली म्हणून एकही मेंबर राहिला नाही. पण तोट्याला तोंड नसतं. शेजारी बसलेल्या भावाला असतं. म्हणून सगळा राग त्याच्यावर निघतो. पंचवीस वर्षं मी काकांवर राग धरला, आणि त्यातली शेवटची काही वर्षं ते आजारी होते, मी भेटायला जायचे, सफरचंदं न्यायचे, आणि राग तसाच पोटात ठेवून परत यायचे.

चहा गाळताना अप्पांचं वाक्य आठवलं आणि मी मुलाला उठवून तो शेवटचा प्रसंग परत लावायला लावला. “त्यात काही होत नाही गं,” तो झोपेत म्हणाला. खरंच काही होत नाही. जवळजवळ पाच मिनिटं कॅमेरा फारसा हलत नाही, कुणी फारसं बोलत नाही. मेजवानीनंतरची सकाळ. धाकटा स्वयंपाकघरात येतो. हॉटेलात काम करणारा पोरगा तिथंच झोपलेला. धाकटा अंडी फोडतो, फेटतो, तव्यात ओततो. एक वाटा पोराच्या ताटलीत, एक स्वतःच्या. आणि उरलेला तव्यात. तसाच. मग दारातून थोरला येतो. धाकटा उठतो, ताटली घेतो, तव्यातलं त्याला वाढतो. दोघे शेजारी बसून खातात, खाता-खाता एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. रात्री आम्ही सगळ्यांनी तो हात पाहिला होता. वहिनीनं तर डोळे पुसले होते. पण थोरला दारात यायच्या आधी तव्यात काय आहे, हे फक्त अप्पांनी बघितलं होतं.

मी विचारलं, “अप्पा, तुम्हाला ते बरं दिसलं?” ते पेपर वाचत होते. म्हणाले, “अंदाज चुकला तर धंदा चालत नाही. किती जण जेवायचे राहिलेत ते डोक्यात पाहिजे.” आणि थोड्या वेळानं, पेपरातून डोकं न काढता, “वही बघ हवी तर. माळ्यावर असंल.”

वह्या मिक्सरच्या खोक्यात निघाल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, उभ्या, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. पानं उघडल्यावर हळदीचा आणि वाळवीच्या मातीचा वास आला. अप्पांचं बारीक अक्षर. डावीकडे नावं, पुढे महिन्याच्या तारखांची घरं. जेवला की टिंब, नाही आला की ‘खा’, म्हणजे खाडा. सगळ्यात वर मेंबरांच्या आधी घरची माणसं, कारण सकाळच्या पिठाचा अंदाज तिथूनच लागायचा. मी. अव्वा. ती. धाकटा. मग आम्ही पोरं.

नोव्हेंबर १९९८ चं पान काढलं. ‘धाकटा’ होता. काका घर सोडून गेले होते, भाड्याच्या खोलीत काकूच्या हातचं जेवत होते, आणि वहीत त्यांचं नाव आपल्या जागेवर होतं. पुढे ‘खा’. रोज ‘खा’. दोन्ही वेळा. कुणी मेंबर सलग महिनाभर आला नाही तर अप्पा पुढच्या महिन्याच्या पानावर त्याचं नाव उतरवत नसत, हे मला पक्कं माहीत होतं. डिसेंबरच्या पानावर नाव पुन्हा लिहिलं होतं, त्याच जागी. सगळं पान ‘खा’. एवढी अक्षरं गिरवायला रोज किती वेळ लागत असेल, दिवसाला दोनदा पेन उचलायचं, त्या ओळीवर आणायचं.

जानेवारीच्या पानावर तेरा तारखेला संध्याकाळच्या घरात टिंब होतं.

संध्याकाळी दादा आला, रात्रीच्या वादाचं काही मनात नको म्हणून मुद्दाम आला असावा. मी काही न बोलता वही त्याच्या मांडीवर ठेवली. तो हॉटेलवाला, त्याला वाचायला शिकवावं लागलं नाही. बोट ओळीवरून सरकत गेलं आणि तेरा तारखेवर थांबलं. “भोगी,” तो म्हणाला. “त्या दिवशी बाबा सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाबरोबर गेले होते. घरी आम्ही थांबलो होतो जेवायचे. उशिरा आले, म्हणाले, जेवून आलो. आईनं विचारलं कुठं, तर बोलले नाहीत.” मग तो अप्पांकडे वळला. “मोठे अप्पा, इथं आलेते?”

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मागच्या दारानं. यात्रेतली बाराबंदी मळलेली, म्हणून आत नाही आला. उखळाजवळ बसला.” एवढं बोलून ते थांबले. आम्हाला वाटलं, संपलं.

“बाजरीची भाकरी होती, तीळ लावून. दोन खाल्ल्या,” ते म्हणाले. “तिसरी नको म्हणाला.”